डाव्या वळणाची गोगलगाय

प्रयोगशाळेच्या खिडकीत एक काचेची बरणी होती. तीत पाण्यातल्या सहा गोगलगायी. पाचांचे शंख उजवीकडे वळलेले, सहावीचा डावीकडे. या डावीने अंडी घातली होती. सातवीतली एक मुलगी रोज मधल्या सुट्टीत डबा अर्धा टाकून बरणीपाशी येई. पिल्लं कुठे वळतात, एवढंच तिला हवं होतं. कशाला, असं विचारलं तर म्हणाली, "बाई, कळायला नको?"

मी विज्ञान शिकवते. गप्प बसायला हवं होतं. शिक्षकांच्या खोलीत बोलून गेले.

त्याच आठवड्यात परिपत्रक आलं होतं : कोणत्याही बक्षिसाविना शिकणारे विद्यार्थी शोधून त्यांना बक्षीस देण्यात यावे.

"आपल्याकडे आहे की एक!" मुख्याध्यापिका हरखल्या. "दिसते गरीब, पण गोगलगाय अन् पोटात पाय!"

अर्जात 'शिकण्याचा हेतू' असा रकाना होता. मुलीने लिहिलं, 'काही नाही.' अर्ज परत आला. हेतू नसल्याचा हेतू स्पष्ट करावा आणि रोजच्या निरीक्षणाच्या वेळेवर पालकांची सही घ्यावी.

तिची आई धावत आली. "बाई, वीस मिनिटं पुरतात ना? नाहीतर शिकवणी लावते."

पदक मिळालं. पाठोपाठ शेरा : एकच विद्यार्थिनी, हे प्रमाण असमाधानकारक. मग बरणीपुढे रांग लागली. प्रत्येकाला चाळीस सेकंद आणि माझी सही.

"ए, सरक ना! तुझी सही झाली."

"काय बघायचं असतं गं यात?"

"बघायचं नसतं. उभं राहायचं असतं."

मुलगी रांगेत दिसली नाही. व्हरांड्यात गाठून विचारलं, तर म्हणाली, "पदक मिळालं ना बाई. आता कशाला?"

वर्षअखेरीच्या अहवालात बक्षिसाविना शिकणारे दोनशे बारा भरले. सह्या थांबल्यावर मात्र बरणीकडे कुणी फिरकलं नाही, याचीही नोंद झाली. कारण : पदक लहान. उपाय : मोठे पदक.

अंडी त्याआधीच, रांग चालू असताना, एका सोमवारी फुटली होती. मी वर्गात जाऊन तिला सांगितलं. ती जिज्ञासा स्पर्धेचा अर्ज भरत होती. मान वर न करता म्हणाली, "हो बाई, छान."

पिल्लांचे शंख कोणत्या बाजूला वळले, ते मी भिंगातून पाहिलं आणि वहीत लिहून ठेवलं. अजून कुणी विचारलेलं नाही. तुम्हीही राहू द्या. तुम्ही तात्पर्यासाठी थांबला असाल.