उज्जैनची भरती-ओहोटी

आमच्या उज्जैनला समुद्र आहे. खोटं वाटत असेल तर नेनेकाकांना देवास गेटचा रस्ता विचारा. "खाडी उजव्या हाताला ठेवा आणि बंदर येईपर्यंत सरळ चाला!" टावर चौकातला पानवाला रोज भरतीची चौकशी करी, "क्यों बाबूजी, आज ज्वार आया?" काका गंभीरपणे म्हणत, "दुपहर तक आएगा."

काका आमचे शेजारी, रेल्वेत पार्सलबाबू. मध्य भारताचा मध्य प्रदेश होत होता ते दिवस. दिल्लीवाले गावंच्या गावं या प्रांतातून उचलून त्या प्रांतात टाकत होते. काकांनी आपलं कोकणातलं गाव किनाऱ्यासकट उज्जैनच्या फ्रीगंजात आणून उतरवलं, तर बिघडलं कुठे?

मुळात ही थाप काकांच्या आईसाठी, बयोआजीसाठी होती. तिची दृष्टी गेली, गावी सांभाळायला कोणी उरलं नाही, आणि ती तर हटून बसलेली, "समुद्र सोडून मी येणार नाही." काका म्हणाले, "अगं, माझी बदलीच समुद्राकाठी झालीय!" गाडीत तिनं विचारलं, "अजून किती लांब रे?" काका म्हणाले, "किनारा लांबलचक असतो गं आई."

मग काय, कपडामिलची घरघर म्हणजे लाटा. मिलमध्ये हडताल झाली तेव्हा आठवडाभर ओहोटी होती. साऱ्या मोहल्ल्याला काकांची ताकीद होती, आजीसमोर शिप्रा नदीचं नाव काढायचं नाही.

आणि आली नारळी पौर्णिमा. आजी म्हणाली, "समुद्राला नारळ मी माझ्या हातानं देणार."

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. मी वाण्याकडून सायकलवर मिठाची गोणी आणली. आजीला वर टांग्यातच बसवून ठेवून काका शिप्रेत गुडघाभर उतरले आणि बी पेरावं तसं मीठ पेरू लागले. कासवं शिंकत काठावर आली. घाटावरचा पंडा ओरडला, "अरे बाबूजी, नदी का अचार डाल रहे हो क्या?"

आजीला धरून उतरवली. तिनं नारळ सोडला, ओंजळ भरली आणि तोंडाला लावली.

"शी! खारं खारं नुसतं!" आजीनं तोंड वाकडं केलं.

काका हर्षवायू झाल्यासारखे टांग्याकडे पळाले. आजीनं चाचपत माझा हात धरला.

"गोडं पाणी आहे रे," ती हळूच म्हणाली. "गाडीतून उतरले तेव्हाच कळलं, वाऱ्याला मिठाचा वास नव्हता. पण त्याला बोलू नकोस हो. गावाशिवाय करमत नाही बिचाऱ्याला."

वरून काकांची हाक आली, "आई, चल लवकर! भरती चढतेय!"

"आले रे बाबा, आले!" म्हणत आजीनं लुगडं गुडघ्यापर्यंत वर खोचलं.