पंधरा दिवसांतून एकदाच पाणी

कुंडीतलं झाड जगवायला अक्कल लागत नाही, शिस्त लागते! आणि ती माझ्यात ठासून भरलेली आहे. आमच्या कोलशेतच्या सोसायटीत माझ्या हातून तीन तुळशी, एक जास्वंद आणि चक्क कोरफडसुद्धा गेली, हे खरं. पण तेव्हा मी व्हिडिओ बघत नव्हतो.

त्यामुळे समोरच्या फ्लॅटमधली रसिका स्नेक प्लांटची कुंडी घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा माझी छाती फुगली.

"काका, आम्ही पंधरा दिवस सावंतवाडीला चाललोय. एवढं सांभाळाल?"

"अगं, बिनधास्त जा!"

"पाणी एकदाच घाला हां. जास्त झालं की मुळं कुजतात."

दार लागताच बायकोने, नंदाने, ऐकवलं, "हे जगलं तर बाल्कनीत हव्या तेवढ्या कुंड्या आणा. मेलं, तर पुन्हा झाडाचं नाव काढायचं नाही!"

झालं! माझी भावी बाग पणाला लागली.

मी मोजून एक पेला पाणी घातलं. आठव्या दिवशी पानं पिवळी पडली. दहाव्या दिवशी एक पान अलगद हातात आलं, खाली नुसता चिखल!

"पाणी कोणी घातलं?"

"मी," आबा, म्हणजे माझे वडील, पेपरमागून म्हणाले. "आंघोळ झाली की रोज एक तांब्या. उपाशी मारतोस काय रे त्याला?"

"आणि मी तांदळाचं धुवण," नंदा म्हणाली. "तुम्ही विसरणार, माहीत होतं."

"किती वेळा?"

"भात रोजच लागतो ना!"

मग सेवा सुरू झाली. नंदाने हेअर ड्रायर लावला, आबांनी हळद फासली, मी पंखा पाचवर ठेवला. चौदाव्या दिवशी झाडाने, एवढं प्रेम सहन न होऊन, मान टाकली. मी बाळकुमच्या नर्सरीत धावलो आणि तेवढ्याच उंचीचं झाड आणून रसिकाच्या कुंडीत लावलं.

रसिका आली. कुंडी बघून तिचा चेहराच पडला.

"जगलं?"

"ठणठणीत!"

"अहो काका, सासूबाईंनी दिलेलं ते! मला बघवत नाही आणि फेकताही येत नाही. तुमच्या हातात झाड टिकत नाही असं अख्खी बिल्डिंग म्हणते, म्हणून मुद्दाम तुमच्याकडे ठेवलेलं!"

मी अब्रू सांभाळत कुंडी तिच्यापुढे सरकवली. आबा मात्र म्हणाले, "अगं, ते कधीच मेलं. हे नर्सरीतलं."

रसिकाचा चेहरा काय खुलला! "तरी म्हटलं, काका असे कसे फसवतील!"

नवं झाड ती आमच्याकडेच सोडून गेली. नंदाने ते कपाटावर ठेवलंय, माझा हात पोचणार नाही इतक्या उंच.