कंट्रोल ठेवला का?

“या रविवारी मी गेम सुरू करणार म्हणजे करणारच!” मावशीने फोनवर भाचीला ठणकावलं.

लॅबमध्ये मावशीचा भलताच दरारा होता. रक्ततपासणीचा आकडा जरा वेडावाकडा आला की ती विचारायची, “कंट्रोल ठेवला का?” म्हणजे, ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे असा नमुना शेजारी तपासला का? एवढ्यावरच समोरच्याची दातखीळ बसायची.

पण भाचीने नोकरीसाठी दूर जाताना दिलेल्या त्या व्हिडिओ गेमपुढे मावशीचीच दातखीळ बसली होती. एकूण नऊ भाग! पहिल्याच भागाच्या खोक्यावर सात डोक्यांचा राक्षस, आणि तो म्हणे नुसता दरवान! मावशी रोज खोक्यावरची धूळ पुसायची आणि अदबीने ते परत जागेवर ठेवायची.

“मावशी, दर रविवारी दोघींनी ऑनलाइन खेळायचं ठरलं होतं. या वेळी टाळलंस, तर मी काकांना घेते जोडीला.”

“काकांना? त्यांना टीव्हीचा आवाज कमी करता येत नाही!”

“मी ऐकतोय बरं का,” काका सोफ्यावरून म्हणाले.

रविवारी मावशीने गेमचं यंत्र चालू केलं, भाचीला व्हिडिओ कॉल लावून फोन आपल्या तोंडासमोर टेकवून ठेवला, कंट्रोलर हातात घेतला आणि डोळे घट्ट मिटून बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. थोड्या वेळाने पडद्यावरच्या वीराने अशी काही उडी मारली की बास!

“अगं, मी उडी मारली! राक्षसाचं एक डोकं उडवलं! दुसरंही!”

“पहिल्याच दिवशी?” भाचीला फक्त मावशीचा घामेजलेला चेहरा दिसत होता.

“हातातच असावं लागतं!” मावशीची बोटं पोळी भाजताना चटका बसल्यासारखी नाचत होती.

“मला बघू,” म्हणत काकांनी कंट्रोलर ओढला. तो त्यांनी उलटा धरला होता. वीराने कोलांटी घेऊन उरलेली पाचही डोकी उडवली!

“बघ! उपजत आहे माझ्यात,” काका सोफ्यावर रेलले. “आता जोडीला मीच.”

“वा, काका!” फोनमधून टाळ्या आल्या.

रविवार हातचा चालला! पण काका? आणि पाच डोकी? आकडा वेडावाकडा होता. सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं, “कंट्रोल ठेवला का?”

“हा घे, ठेवला,” म्हणत काकांनी कंट्रोलर टेबलावर ठेवला.

वीर लढतच राहिला. कोणाचाही हात नसताना त्याने एक पूल ओलांडला, एक ड्रॅगन लोळवला आणि वर वाकून नमस्कारही केला.

मावशीने कंट्रोलर उचलून पाहिला. दिवा बंद. बॅटरी ठार मेलेली. कोणी खेळायलाच येईना म्हणून बिचारा गेम स्वतःच आपली जाहिरात दाखवत होता!

काका सावकाश उठले आणि त्यांना अचानक झाडांना पाणी घालायची आठवण झाली.

मावशीने मुकाट्याने वायर जोडली. दिवा लागला. या वेळी तिने डोळे उघडे ठेवून बटण दाबलं. वीर दोन पावलं चालला, भिंतीवर आपटला, उलटा फिरला आणि घोटाभर पाण्याच्या डबक्यात बुडून मेला.

“मेले गं!” मावशी किंचाळली.

फोनमधून भाचीचं हसू फुटलं. “हां, आता पटलं मावशी, तूच खेळतेयस! थांब, मीही येते त्या डबक्यात.”