हात गळ्यात असलेला व्होगल

थॅड व्होगलचा उजवा खांदा ही हार्लन फॉल्स गावाची सार्वजनिक मालमत्ता होती. नदीवरचा पूल, टाउन हॉलचं घड्याळ आणि थॅडचा खांदा या तीन गोष्टी गावात कायम दुरुस्तीला निघालेल्या असत. पैकी पुलाची आणि घड्याळाची चौकशी कुणी करत नसे.

थॅड हा गावच्या 'हेरन्स', म्हणजे 'बगळे', या बेसबॉल संघाचा पिचर. त्याने टाकलेला चेंडू फलंदाजाला दिसायच्या आत मागच्या गड्याच्या हातमोज्यात जाऊन बसलेला असायचा. असा हात शंभर वर्षांत एखाद्यालाच मिळतो, असं गावातले जाणते सांगत. तो हात बारमाही नव्हता, एवढीच अडचण होती. एका वर्षी खांदा निखळला, पुढच्या वर्षी कोपर सुजलं, त्याच्या पुढच्या वर्षी जोराची शिंक आली आणि बरगडीचा स्नायू फाटला. नऊ डावांचा एक सामना पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत आपण एकट्याने टाकावा, एवढीच थॅडची इच्छा होती. वयाची तेहतीस वर्षं झाली होती, करार यंदा संपत होता आणि इच्छा होती तिथेच होती.

क्लब हातावर हात ठेवून बसला होता असं मात्र कुणी म्हणू नये. क्लबने रीतसर 'खेळाडू उपलब्धता विभाग' उघडला आणि डॉक्टर पेल्टन यांना त्याचं प्रमुख केलं. विभागाने सखोल अभ्यास करून निष्कर्ष काढला, की व्होगलला दुखापती खेळताना होतात. तेव्हा त्याचं खेळणं कमी करण्यात आलं. मग त्या घरी होऊ लागल्या. लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडताना मनगट गेलं, म्हणून बरण्यांना मनाई झाली. सामान उचलू नये म्हणून एक माणूस दिला, त्याने बॅग नेमकी थॅडच्या पायावर ठेवली. पायाला आराम पडावा म्हणून खास गादी मागवली, तिच्यावर मान आखडली.

"खेळाडू म्हणून तुझ्यात काहीच खोट नाही," डॉक्टर म्हणाले. "सगळा घोळ शरीराचा आहे. ते मध्ये आलं नसतं तर..."

"मग चेंडू कुणी टाकायचा, डॉक्टर?"

"तो विषय मैदान विभागाकडे येतो," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी त्याच्या मानेवर बर्फ ठेवला.

क्लबच्या व्यवस्थापक लोरेन स्प्रेगबाई मात्र व्यवहाराला पक्क्या होत्या. 'व्होगल परत येतोय' अशी पाटी लागली की मैदान भरतं, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. तो येई, दोन डाव टाकी, खांदा धरून खाली बसे, आणि लोक हळहळत, तृप्त मनाने घरी जात. म्हणून बाईंनी त्याचं पुनरागमन दर महिन्याला ठेवलं. त्यातला प्रत्यक्ष येण्याचा भाग सोयीनुसार गाळायची मुभा होती. टायरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले थॅडचे वडील एल्मर प्रत्येक पुनरागमनाला पहिल्या रांगेत बसत. पोरगा खाली बसला की हातातला हॉट डॉग संपवून ते उठत. "चल, पोरा, घरी," एवढंच म्हणत.

यंदा बाईंनी बाहुल्यांचा दिवस जाहीर केला. मान डोलावणाऱ्या बाहुल्या सगळेच क्लब वाटतात. आवडत्या खेळाडूची बाहुली काढायची, आधी येईल त्याला फुकट द्यायची. त्यासाठी लोक सकाळपासून रांगेत उभे राहतात, आणि बाहुली मिळाल्यावर सामना बघितलाच पाहिजे असं काही बंधन नसतं. या वेळची बाहुली व्होगलची होती. चेंडू टाकतानाचा त्याचा अलीकडचा फोटो कुणापाशी नव्हता, त्यामुळे बाहुलीचा हात गळ्यात बांधलेला होता.

आणि ऐन जुलैत थॅड ठणठणीत बरा झाला.

ही बाब प्रथम डॉक्टरांच्या ध्यानात आली. त्यांनी त्याला पुन्हा पुन्हा तपासलं. "कुठेच दुखत नाही? बघ, नीट आठवून बघ."

बाईंनी थॅडला बोलावून घेतलं.

"शनिवारी बाहुल्या वाटायच्यात, थॅड."

"शनिवारी मीच टाकतो, बाई. एकदम फिट आहे."

"हो ना, तीच तर पंचाईत झालीय. बाहुलीचा हात गळ्यात, आणि तू चेंडू फेकत सुटणार. लोक म्हणतील, फसवलं आम्हाला."

"मग बाहुली बदला."

"बाहुल्या चीनहून आल्यात, बाबा. त्या कशा बदलणार? तू इथलाच आहेस." बाईंनी हात गळ्यात बांधायची, क्लबच्या निळ्या रंगाची एक झोळी टेबलावरून पुढे सरकवली. तिच्यावर बगळाही भरला होता.

"मला एकच सामना टाकायचाय, बाई. पण पुरा."

"टाक की! पुढच्या वर्षी टाक. नको कोण म्हणतंय?"

"पुढच्या वर्षी माझा करार तरी आहे का?"

"जखमी असलास तर आहे. व्होगल परत येतोय म्हणून सांगता तरी येतं. धडधाकट, तेहतीस वर्षांचा पिचर घेऊन मी काय करू?"

थॅडने झोळी उचलली, तिची व्यवस्थित घडी घातली आणि टेबलावर परत ठेवली.

शनिवारी दुसराच पिचर खेळायचा होता. पण बाहुल्यांचं खोकं उचलताना त्याच्या कमरेत उसण भरली, आणि प्रशिक्षकाने नाइलाजाने चेंडू थॅडच्या हातात दिला. पहिल्या डावात प्रत्येक चेंडूला मैदानाने श्वास रोखून धरला. तिसऱ्या डावात चुळबुळ सुरू झाली. पाचव्यात मागून कुणी तरी ओरडलं, "अरे, अजून दुखत नाही का?"

नव्हतं दुखत. मात्र चेंडू आता फलंदाजांना दिसत होता. तेहतिशीतला हात तो, त्याच्यातली वीज कधीच ओसरली होती. थॅड घामाघूम होऊन, डोकं चालवून, एकेक गडी बाद करत राहिला. नवव्या डावातला शेवटचा गडी बाद झाला, हेरन्स एका धावेने जिंकले आणि तो मैदानाच्या मधोमध ओक्साबोक्शी रडला. आयुष्यात इतका आनंद त्याला कधी झाला नव्हता. बाक तोवर निम्मे रिकामे झाले होते.

बाहेर गाड्यांपाशी लेस्टर न्हावी आणि चारदोन मंडळी थांबली होती. लेस्टरने मयताला आल्यासारखा त्याचा हात हातात घेतला.

"बरं टाकलंस," तो म्हणाला. "पण शंभर वर्षांतून एकदा म्हणतात, तसलं काही दिसलं नाही हां."

"जिंकलो ना, लेस्टर!"

"तुझं ठीक आहे रे. शाळेत माझा गुडघा गेला, नाहीतर मी कुठल्या कुठे असतो. इतकी वर्षं पोरांना सांगत आलो, व्होगलचं आणि माझं दुखणं एकच. आता काय तोंड दाखवू?"

मागे पोस्टमनने मान हलवली, त्याचा खांदा गेला होता. पाद्रीबाबांचं मनगट. थोर व्हायच्या अगदी आदल्या दिवशी सगळं गाव जायबंदी झालेलं होतं, आणि त्यांच्यातला एकजण आज विश्वासघाताने बरा झाला होता.

थॅड वडिलांच्या गाडीत बसला. "बाबा, पूर्ण नऊ डाव! बघितलेत ना?"

"बघितले." एल्मरनी गाडी सुरू केली नाही. "ऐक. शाळेत असताना माझं कोपर..."

"माहीत आहे हो, बाबा. कोपरामुळे तुमचा खेळ सुटला."

"ते महिन्याभरात बरं झालं होतं," एल्मर म्हणाले. "मी कुणाला बोललो नाही."

थॅडने वडिलांच्या पाठीवर हात ठेवला. "चला, बाबा, घरी," तो म्हणाला.

क्लबने करार वाढवला नाही. प्रकृती उत्तम असल्याचं कारण दिलं. लेस्टरच्या दुकानात आरशापाशी बाहुली अजून मान डोलावते आणि गिऱ्हाइकं तिच्याकडे बघून हळहळतात, "काय पिचर झाला असता!"

हार्लन फॉल्सच्या लोकांना तुम्ही खुशाल हसा. मात्र घसा बसला म्हणून तुमचं गाणं सुटलं होतं ना, तो घसा कधी बरा झाला, तेवढं आज घरी सांगून टाका.