मेदेरने केलेला शांततेचा बंदोबस्त

पाळीच्या आधीचा आठवडा आला की सायकालला घरातला प्रत्येक आवाज डोक्यात जायचा. नळाची टिपटिप, फाटकाची करकर, नवऱ्याचे चहाचे भुरके. हा नखरा नाही, आजार आहे, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. आवाज आणि उजेड कमी ठेवा. मागच्या महिन्यात ती संतापून माहेरी गेली आणि पुन्हा असं झालं तर परत यायची नाही, असं बजावूनच आली.

म्हणून या खेपेला मेदेरने मनावर घेतलं. (मेदेरने मनावर घेतलं की बाकीच्यांनी जीव मुठीत धरायचा.) बायकोला काय हवं ते विचारायची गरज त्याला अर्थातच वाटली नाही. त्याने टीव्हीची वायर उपटली. फाटक करकरतं म्हणून सताड उघडं टाकलं. बैठकीतल्या आरशाची तिरीप डोळ्यांवर येते म्हणून त्यावर पांढरी चादर टाकली.

थोड्या वेळाने शेजारची बुरुल एजे, म्हणजे बुरुलताई, विरजण मागायला आली. घरात मयत झालं की आरसा झाकतात, हे नारिन गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. तिने घाबरून मेदेरकडे पाहिलं. त्याने ओठांवर बोट ठेवून आतल्या खोलीकडे मान हलवली. एजे डोक्याचा रुमाल डोळ्यांना लावत आल्या पावली परतली.

"समजूतदार बाई," मेदेर पुटपुटला.

अर्ध्या तासात अख्खी गल्ली आली आणि मयताच्या घरी रीतच आहे तशी फाटकापासून हंबरडा फोडत आली. पुरुष रिवाजाप्रमाणे कमरेवर हात ठेवून रडत होते. बायका सायकालच्या हातच्या खुसखुशीत तळलेल्या बोर्सोक-पुऱ्यांचे गुण गात होत्या.

आतलं दार धाडकन उघडून सायकाल बाहेर आली.

"तू... गेलीस ना गं?" एजेने विचारलं.

"अजून नाही. यानं मात्र काही कसर ठेवलेली नाही." तिने मेदेरवर बोट रोखलं. "अरे, मी आवाज नको म्हटलं होतं. तू रडायला गल्ली गोळा केलीस?"

"मी फक्त आरसा..."

"मला विचारायचंस की. मी आतच होते, तोंड होतं मला." ती एजेकडे वळली. "तुमच्या घरी आत्ता कोण आहे?"

"कोणी नाही. सगळे तुला रडायला आलेत."

"किल्ली द्या."

आलेल्यांना चहापाण्याशिवाय पाठवायची रीत नाही. मेदेर दुपारभर चहा ओतत राहिला. संध्याकाळी सायकाल झोप काढून परतली. चेहरा निवळला होता.

"बरं वाटलं ना?" मेदेरने आशेने विचारलं.

"वाटलं. पण पुढच्या महिन्यात तू मेलायस असं सांग," ती म्हणाली. "कोणी रडायला येणार नाही. मी आपली घरातच निवांत पडेन."