जावईबापूंचे कोरडे कपाट

हत्यारे घरात आली आणि त्यांच्याबरोबर हुकूमही आला: जावईबापूंनी त्यांना हात लावायचा नाही.

सासरेबुवांनी जन्मभर सुतारकाम केलेले. आता ते गावातच दुसरीकडे तळमजल्यावरच्या एका खोलीत एकटे राहत, आणि त्या खोलीच्या भिंती पावसाळ्यात आतून पाझरत. डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशनसाठी ते थोरल्या मुलाकडे परगावी निघाले होते आणि पाऊस सरेपर्यंत तिथेच राहणार होते. जाण्याआधी त्यांनी एकेक हत्यार पुसले, तेल लावून फडक्यात गुंडाळले आणि लेकीच्या टेबलावर ओळीने मांडले. लाकूड तासायचा रंधा, खाचा पाडायच्या पटाश्या, भोके पाडायचे गिरमिट, हातोडा आणि सगळ्यांत शेवटी पहिल्या कमाईची करवत. रिकामी लाकडी पेटी त्यांनी दाराशी ठेवली. पेटीचे लाकूड ओल पिते, म्हणून पावसाळ्यात तिच्यात लोखंड ठेवायचे नाही, असा त्यांचा दंडक होता.

"बाबा, हत्यारं आलीच आहेत तर आता तुम्हीही या ना कायमचे," लेक म्हणाली. आई गेल्यापासून ती हे म्हणत आली होती.

"बघू," सासरेबुवा म्हणाले. "जिथं माझं लोखंड कोरडं राहील तिथं मी राहीन. एक पावसाळा काढू दे त्यांना तुझ्या घरात. गंज चढला नाही तर गादी उचलून येतो. चढला तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

लेकीने नवऱ्याकडे पाहिले. नवऱ्याने घाईघाईने हात खिशात घातले.

कारण जावईबापूंच्या तळहातांना घाम येई, आणि तोही साधासुधा नव्हे. पोस्टाच्या खिडकीवर ते दिवसभर तिकिटे विकत, आणि चिकटवायची वेळ आली तर शेजारच्या ओल्या स्पंजाची त्यांना कधी गरज पडली नव्हती. लग्न ठरले त्या दिवशी सासरेबुवांनी मोठ्या प्रेमाने त्यांच्याशी हात मिळवला, मग तोच हात रुमालाने नीट पुसला आणि लेकीला बाजूला घेऊन सांगितले, "मुलगा सोन्यासारखा आहे. पण असल्या हातांचा घाम खारा असतो. लोखंडाला लागला की गंजाची बोटं उमटतात. याला माझ्या हत्यारांपासून लांब ठेव." पुढे ते जिन्यातून 'जावईबापू!' अशी खणखणीत हाक मारू लागले आणि ऐकून ऐकून सगळी इमारत त्यांना जावईबापूच म्हणू लागली. हाकेत प्रेम होते, मान होता. हातोडा मात्र कधी हातात मिळाला नाही. घरात खिळा ठोकायचा झाला तर बायको ठोकत असे आणि जावईबापू स्टूल धरत.

त्याच माणसाच्या घरी आज सगळी हत्यारे ठेवायला आली होती. जावईबापूंना अगदी भरून आले.

"बाबा, तुम्ही निर्धास्त जा. डोळ्यांत तेल घालून सांभाळतो."

"डोळ्यांत नको. हत्यारांना घातलंय तेवढं पुरे आहे," सासरेबुवा म्हणाले. "फक्त हात लावू नका."

बायकोने हत्यारे बोळातल्या भिंतीच्या कपाटात ठेवली. जावईबापूंनी दिवसभर डोके खाजवले. हवेत एवढी ओल होती की मिठाच्या बरणीत चमचा उभा राहत होता आणि काड्यापेटीतली काडी ओढली की नुसता लाल चिखल उमटत होता. मग त्यांना सुचले, कपाट उबदार ठेवले तर ओल आत येणारच नाही. ते जुन्या पद्धतीचा तापणारा बल्ब शोधत दुकाने फिरले.

"हा कोण घेतो आता?" दुकानदार हसला. "उजेड कमी आणि गरमच जास्त होतो."

"मला गरमच हवाय," जावईबापू म्हणाले. दुकानदाराने दाराबाहेरच्या धो धो पावसाकडे पाहिले आणि मान डोलावली.

बल्ब कपाटाच्या तळाशी अहोरात्र जळू लागला आणि चमत्कार झाला. कपाटाचे दार उघडले की वाळवलेल्या लाकडाचा खरपूस वास येई. सगळ्या इमारतीत, चारही मजले धरून, तेवढीच एक जागा कोरडी होती. जावईबापूंना ते कुणाला सांगितल्याशिवाय राहवेना. नेमके त्यांनी ते समोरच्या घरातल्या बाळाच्या आजीला सांगितले.

आजी लगेच एक दुपटे घेऊन आली. "एवढंसंच आहे हो. चार दिवस झाले, वाळतच नाही. बाळाला ओलं कसं गुंडाळू?"

बाळाला ओले गुंडाळा, असे कोण म्हणेल? जावईबापूंनी दुपटे टांगले. तासाभरात ते कुरकुरीत वाळले. आजीने ते गालाला लावून पाहिले आणि तिच्या डोळ्यांत पाणी आले. "देव तुमचं भलं करो, जावईबापू."

देव भले करील तेव्हा करील, आजीने मात्र जिन्यात बातमी लगेच केली. वरच्या मजल्यावरची नर्स पांढरे कॅनव्हासचे बूट घेऊन आली. रोज ओले बूट घालून तिच्या पायांची साले निघत होती. मग व्हायोलिनवाले मास्तर आले. ओलीने त्यांच्या व्हायोलिनचा डिंक सुटू लागला होता, आणि ते वाद्य छातीशी धरून असे उभे राहिले की जावईबापूंनी स्वतःच कपाटाचे दार उघडले. रोज कुणी ना कुणी येई आणि जाताना कृतज्ञतेने जावईबापूंचा हात हातात घेई. मग आपला हात हळूच कपड्याला पुसून जाई.

"अहो, कपाट हत्यारांसाठी आहे ना?" बायको म्हणाली.

"हत्यारं मागे आहेत. त्यांना काय होतंय? आणि नाही कसं म्हणायचं?"

नाही म्हणणे जावईबापूंना जमतच नसे. सकाळी ते पोस्टात निघाले की जिन्यात कुणीतरी गाठून विचारी, "कपाटात जरा जागा करून घेऊ का?" आणि ते छत्री उघडता उघडता म्हणत, "घ्या, घ्या!"

एके दिवशी त्यांनी कपाट उघडले तर आतल्या बाजूने दारावर थेंब जमलेले. ओल बाहेर ठेवण्यासाठी केलेल्या कपाटात सगळ्या इमारतीची ओल आणून टांगली होती, आणि बल्ब बिचारा ती उकळत बसला होता. दुपट्यांच्या आणि बुटांच्या मागे काय चालले असेल ते दिसत नव्हते, आणि हात घालून चाचपायची तर बंदी. कोपऱ्यात उभी असलेली करवत तेवढी दिसली. लांबीमुळे तिचे टोक फडक्याबाहेर आले होते.

पहिल्या कमाईची करवत! जावईबापूंनी क्षणभर हुकमाचा विचार केला आणि मग करवत उचलली. मूठ सोडून नेमकी पात्याला धरून उचलली, कारण करवत कशी धरतात हे त्यांना कुणी कधी दाखवलेच नव्हते. तेलकट फडके त्यांना कळकट वाटले, म्हणून ते काढून टाकले. करवत स्वच्छ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली, वरून आणखी प्लॅस्टिक, वरून चिकटपट्टी. आता हवेचा एक कणही आत जायचा नाही, असे म्हणत ती त्यांनी आपल्या गादीखाली सरकवली.

"आता करवतीवर झोपणार?" बायकोने विचारले.

"बाबा इथे राहायला येणार असतील तर मी रंध्यावरसुद्धा झोपेन," जावईबापू म्हणाले. त्या दिवसापासून बायकोने त्यांच्या बाजूला जाड चादर घातली.

झोप मात्र कसली येते? करवत ठीक असेल ना, या धास्तीने ते रोज गुंडाळी सोडत, पाते हातात धरून वळवून वळवून बघत, आणि पुन्हा बांधत. धास्तीने हातांना आणखीच घाम येई. सकाळच्या अंधूक उजेडात ते काही त्यांच्या लक्षात आले नाही.

अशातच पाऊस सरत आला, आणि एक दिवस बायको फोन ठेवून म्हणाली, "दादाचा फोन होता. बाबा उद्याच येतायत. ऑपरेशन इतकं छान झालं म्हणे, की आता त्यांना मुंगीचे पायसुद्धा दिसतात."

जावईबापूंच्या तोंडचे पाणी पळाले; तेवढाच काय तो त्यांच्या अंगाचा कोरडा भाग. दोघांनी मिळून कपाट रिकामे करायला घेतले. बूट काढले. दुपटी काढली. व्हायोलिन काढले. मागे भिंत लागली. हत्यारे नव्हती.

"अहो, रंधा?"

"मागे होता ना?"

"आता मागे भिंत आहे!"

जावईबापू तसेच समोरच्या दारावर जाऊन आदळले, आणि दार इतके अलगद उघडले की ते थेट आजीच्या स्वयंपाकघरात पोचले.

"बघितलंत?" आजी कौतुकाने म्हणाली. "फुगून बसलं होतं दार. लाथ मारावी लागायची. तुमचा रंधा फिरवला आणि आता बाळसुद्धा ढकलेल."

"माझा रंधा? तुमच्याकडे?"

"अहो, तुम्हीच नाही का म्हणालात, जागा करून घ्या? दुपट्यांना जागा करायची तर रंधा कुठे ठेवू? घरी आणला. घरी आणला तर फिरवला. मग काय, वरच्या मजल्यावरची दारंही फुगलेलीच होती."

रंधा आजीच्या कपाटातून बाहेर आला. आजीने त्याला रोज बाळाला चोळताना उरलेले तेल चोळले होते, आणि त्याचे पाते आरशासारखे झाले होते. हातोडा आणि गिरमिट नर्सकडे निघाले. "आमच्याकडे हत्यार वापरलं की पुसून, कोरडं करूनच ठेवतात," ती म्हणाली. "नाहीतर मोठ्या सिस्टर जीव घेतात." पटाश्या मास्तरांकडे होत्या. त्यांनी खिडकीची कडी बसवली होती, आणि मग व्हायोलिन कपाटात गेल्यामुळे रिकामी पडलेल्या केसमध्ये, मऊ मखमलीवर, पटाश्या ओळीने निजवल्या होत्या. कशावर गंजाचा ठिपका नव्हता. जावईबापूंचा जीव भांड्यात पडला. एरवी संकोचाने हात खिशात ठेवणारा हा माणूस जिन्यातच सगळ्यांना हात जोडत सुटला.

दुसऱ्या दिवशी सासरेबुवा आले तेव्हा तिघेही शेजारी घरातच होते. सासरेबुवांनी काळा चष्मा काढला, रंधा उचलला आणि पात्याच्या फटीत बोट घातले. तिथे लाकडाचा बारीक भुगा होता.

"हा वापरलाय," ते म्हणाले.

"मी वापरला," आजी म्हणाली. "चार मजल्यांची दारं त्यानं सरळ केली. दोष द्यायचा तर मला द्या, या भल्या माणसाला नको."

सासरेबुवा रंधा ठेवून जिन्यात गेले. त्यांनी आजीचे दार एका बोटाने उघडले, लावले, पुन्हा उघडले. परत आले तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते, आणि ते ऑपरेशनमुळे नव्हते. "मला वाटलं होतं, माझ्याबरोबर हत्यारंही रिटायर झाली," ते म्हणाले. "तुम्ही त्यांना काम दिलंत. फार उपकार झाले. आता करवत आणा."

जावईबापूंनी गादीखालून गुंडाळी काढली. चिकटपट्टी सोडली, प्लॅस्टिक सोडले, आणि आतून पाण्याचे दोन थेंब जमिनीवर पडले. सासरेबुवांनी पाते खिडकीच्या उजेडात धरले. चकचकीत पोलादावर लालसर तपकिरी पंजा उमटला होता. चार बोटे अलीकडे, अंगठा पलीकडे, रेघान् रेघ स्पष्ट. कुणाचा हात म्हणून विचारायची सोय नव्हती. बायकोने डोळे मिटून घेतले. सगळ्या इमारतीने सांभाळलेली हत्यारे कोरडी होती, आणि जावईबापूंनी जिवापाड जपलेले एकच हत्यार गंजले होते.

"बाबा, चूक माझी आहे," जावईबापू म्हणाले. "मी रोज बघत होतो."

"रोज?"

"रोज. तुम्ही राहायला यावं म्हणून."

सासरेबुवांनी करवत टेबलावर ठेवली. मग त्यांनी एक पटाशी उलटी करून तिच्या मुठीवरची ठोकलेली खूण दाखवली. "ही माझी खूण. हत्यार ज्याचं, खूण त्याची. या करवतीवर आता तुमची आहे. आजपासून ही तुमची." मग जरा थांबून म्हणाले, "फक्त हात लावू नका."

सगळे हसले आणि लेक हसता हसता रडली. सासरेबुवांनी तिला विचारले, "माझी गादी कुठे टाकायची?"

"कपाटाशेजारी, बाबा. तिथे ऊब आहे."

मग सासरेबुवांनी जावईबापूंचा ओलाकच्च हात आपल्या हातात घेतला आणि लग्न ठरले तेव्हापेक्षा जास्त वेळ धरून ठेवला. या वेळी त्यांनी रुमाल काढला नाही. हत्यारांच्या पेटीची लोखंडी कडी मात्र त्यांनी डाव्या हाताने लावली.