भोईरकाकू आणि लाइनवरचा कचरा

पहिल्याच भेटीत भोईरकाकूंनी माझ्या बायकोला सांगितलं, "तुझ्या नवऱ्याचा आवाज वाईट नाही, पण त्यात हवा फार आहे." मी तेव्हा शेजारीच उभा होतो, खांद्यावर गॅसचं सिलिंडर घेऊन. साताऱ्याहून अंबरनाथला राहायला येऊन आम्हाला तासही झाला नव्हता. मी "नमस्कार" एवढा एकच शब्द बोललो होतो, आणि काकूंनी त्यातली हवा मोजली होती.

पुढे कळलं, की हे कौतुक होतं. आमच्या चार मजली सोसायटीत काकूंनी पास केलेले आवाज दोनच. एक माझा, हवेसकट. दुसरा तिसऱ्या मजल्यावरच्या वॉशिंग मशीनचा. आमच्या सेक्रेटरींना त्या "नुसती खरखर" म्हणतात, आणि तेही सेक्रेटरींच्या तोंडावर.

काकू टेलिफोन ऑपरेटर होत्या. उल्हासनगरच्या एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉलच्या जमान्यात उजव्या कानाला हेडसेट लावून स्विचबोर्डावर बसायच्या. मग यंत्रं आली आणि त्यांना बिलाच्या खिडकीत बसवलं. रिटायर झाल्या खिडकीतून, पण बोलणं राहिलं बोर्डावरचं. दाराची बेल वाजवली, की आतून "होल्ड करा!" ऐकू येतं. पाहुणा फार रेंगाळला, की "तीन मिनिटं झाली, वाढवायची का?" फोनवरचा माणूस म्हणजे त्यांच्या भाषेत पार्टी. एकदा सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी पाण्याच्या टाकीवर अर्धा तास बोलत होते. काकू मागून म्हणाल्या, "पार्टी लाइनवर नाहीये. कट करू?"

जगातल्या सगळ्या बिघाडांवर त्यांचं निदान एकच, "लाइनवर कचरा आहे." भंगारवाल्याचा भोंगा असो, सेक्रेटरींची विनंती असो, नाहीतर सुनेने केलेली कॉफी असो. कॉफीच्या लाइनवर कचरा कसा असतो, हे मी विचारलं होतं. "पिऊन बघ," एवढंच उत्तर मिळालं.

आता डॅकचं सांगतो. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाने, नीलेशने, पुण्याहून त्यांना नवा फोन पाठवला. त्या फोनला हेडफोनचं भोकच नव्हतं. काकूंनी फोन चारही बाजूंनी फिरवून पाहिला, कव्हर काढून पाहिला, आणि नीलेशला फोन लावून म्हणाल्या, "मुका पाठवलास रे." मग त्यांना कुणीतरी सांगितलं, की फोनच्या चार्जिंगच्या भोकात लावायची एक डबी मिळते, तिला डॅक म्हणतात, आणि तिच्यात हेडफोन लावला की आवाज पूर्वीपेक्षाही चांगला येतो. "पूर्वीपेक्षाही चांगला" हे दोन शब्द काकूंच्या डोक्यात गेले, ते गेलेच.

"फोनच्या पोटात आवाज नसतो, आकडे असतात," त्यांनी मला समजावलं. "त्या आकड्यांचा आवाज करायचं काम या डबीचं. फोनही करतो, पण त्याला शंभर कामं. मेसेज बघ, फोटो काढ, बॅटरी सांभाळ. घाईत करतो. डबीला दुसरा धंदा नाही."

पहिली डबी आणायला मी त्यांना स्कूटरवर उल्हासनगरला घेऊन गेलो. दुकानदार सिंधी, गोडबोल्या. त्याने काचेवर पाच डब्या मांडल्या.

"आंटी, ये लो. एकदम ओरिजिनल."

"ओरिजिनल किसका?" काकूंनी विचारलं.

दुकानदार थबकला. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नसावा.

काकूंनी पर्समधून स्वतःचे इयरफोन काढले आणि काउंटरवरच डब्या तपासायला सुरुवात केली. मागे गिऱ्हाइकं जमली. "यामें हिस्स आता है. ये वाला बोलता है, पण नाकातून. और ये..." तिसरी डबी त्यांनी डोळे मिटून ऐकली. "ये शरीफ है." ती घेतली. निघताना दुकानदार मला हळूच म्हणाला, "साईं, इनको अगली बार लाओ तो पहले बता देना. मैं लड़की की शादी का बोलके दुकान बंद रखूँगा."

ती शरीफ डबी चार महिने टिकली. मग दुसरी आली, मग तिसरी. प्रत्येक डबीबरोबर नियम वाढले. ऐकताना चार्जर लावायचा नाही, गुणगुण येते. फोन फ्लाइट मोडवर टाकायचा, नाहीतर नेटवर्क मध्येच टर्र करतं. पंखा बंद. फ्रिज बंद. एकदा फ्रिज परत चालू करायला विसरल्या आणि आतल्या सुरमईची बातमी दुसऱ्या दिवशी अख्ख्या जिन्याला कळली.

फ्लाइट मोडचा त्रास मला. नीलेश पुण्याहून मलाच फोन करायचा. "आईचा फोन लागत नाही, जरा बघता का?" मी बघायला जायचो. काकू खुर्चीत ताठ बसलेल्या, कानात इयरफोन. मी खुणेने सांगायचो, नीलेश. त्या म्हणायच्या, "लोकांना जोडून देण्यात माझा जन्म गेला. आता तासभर मला कुणी जोडू नये."

आणि मी सापडलोच आहे म्हटल्यावर मला परीक्षेला बसवायच्या. "तुझे कान कोरे आहेत. गाण्यातलं काही कळत नाही तुला, हे उत्तम आहे." मी भिंतीकडे तोंड करून बसायचं, त्या मागे डब्या बदलणार, आणि मी सांगायचं, एक नंबर की दोन नंबर. आधी बातम्या वाचणारा माणूस, मग बासरी, मग तबला.

"दोन," मी म्हणायचो.

"का?"

"दोन मोठा वाटला."

"मोठा म्हणजे चांगला नव्हे रे! पार्टी ओरडली म्हणून लाइन सुधारते का? आता नीट सांग. बासरीवाला श्वास घेतो, तो ऐकू आला?"

"आला."

"किती वेळा?"

मला वाटायचं, या बाईला कशातच समाधान नाही. बायको म्हणायची, रिकामपण आहे, दुसरं काय. आम्ही दोघंही चुकत होतो.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी काकूंनी मला बोलावलं. "होल्ड करा" म्हणाल्या नाहीत, दार उघडंच होतं. टेबलावर चौथी डबी. मी सवयीने भिंतीकडे तोंड करून बसलो.

"इकडे तोंड कर," त्या म्हणाल्या. "आज बासरी नाही. आज खरी पार्टी आहे."

मग त्यांनी सांगितलं. त्या मूळच्या बदलापूरजवळच्या चामटोलीच्या, आगरी घरातल्या. आगऱ्यांच्या लग्नात भटजीइतकाच मान धवळारणीचा. ती बाई मांडवात बसून धवळे गाते, आणि तिच्या गाण्यावर लग्नाचे विधी पुढे सरकतात. गावची धवळारीण म्हणजे काकूंची आई.

"मी एक्स्चेंजची नोकरी धरली, ते आईला पटलं नाही. पोरीने परक्या माणसांशी दिवसभर बोलायचं म्हणजे काय! दोन वर्षं माझ्याशी बोलली नाही. एका घरात राहून. माझ्या लग्नात धवळे म्हटले तिने, पण ते काय, ती सगळ्यांच्याच लग्नात म्हणायची. गावात दुसरी होती कोण?"

त्या लग्नाची एक कॅसेट होती. भावाने नव्या टेपरेकॉर्डरची हौस म्हणून भरलेली. नीलेशने ती फोनवर घेऊन दिली होती.

"मधेच एका जागी आई गाणं तोडते आणि काहीतरी बोलते. माझं नाव येतं, कुमी. पुढचं कळत नाही. भाऊ म्हणतो, शिवी दिली. म्हणतो, तिचा राग लग्नाच्या दिवशीही गेला नव्हता. आई जाऊन वीस वर्षं झाली. विचारणार कुणाला?"

मी टेबलावरच्या डबीकडे पाहिलं. चार डब्या कशासाठी आल्या, ते मला तेव्हा कळलं.

"मग आज मला कशाला, काकू? तुमचे कान..."

"गेल्या आठवड्यात कल्याणला कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. उजवा गेलाय. डावाही वरचे बारीक आवाज पकडत नाही." त्यांनी उजव्या कानाला हात लावला. "मी दोन वर्षं लाइनवर कचरा शोधत होते. इथे एक्स्चेंजच बसलंय."

विनोद त्यांचाच होता, पण हसल्या नाहीत. मीही नाही.

मी इयरफोन कानात घातले. आवाज आला तो विहिरीतून आल्यासारखा, घुमणारा. बायका गात होत्या, पण शब्दाला शब्द चिकटलेला. मी आवाज वाढवायला फोनच्या सेटिंगमध्ये शिरलो, तर तिथे एक बटण चालू दिसलं. कॉन्सर्ट हॉल.

"काकू, हे तुम्ही लावलंय?"

"काय ते?"

"यामुळे सगळं मोठ्या सभागृहात चालल्यासारखं ऐकू येतं. फोन नवा आल्यापासून चालू असणार."

काकूंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "दोन वर्षं? मी माझ्या आईला दोन वर्षं हॉलमध्ये बसवून ऐकतेय? आमचं लग्न अंगणात झालं, मेल्या!" हा मेल्या कोण, ते कळलं नाही. नीलेश, फोन किंवा मी.

ते बटण बंद केलं. काकूंनी इयरफोनची रबरं काढून मला मोठी दिली, "तुझ्या कानाची भोकं मोठी आहेत, फट राहिली तर आवाज गळतो." त्यांनी पंखा बंद केला. फ्रिज बंद केला.

आणि मग मी पुन्हा लावलं, आणि खरंच सांगतो, माझ्या कोऱ्या कानांनाही फरक कळला. अंगण उघडलं. कुठे बांगड्या वाजल्या, कुणीतरी हंडा खाली ठेवला, लांबवर एक मूल रडत होतं. आणि सगळ्यांच्या पुढे, अगदी माझ्या समोर बसल्यासारखी, एक जाड, ठाम आवाजाची बाई गात होती. दोन ओळी झाल्या. तिसरी अर्ध्यात तुटली. ती बोलली. बायका हसल्या. गाणं पुढे सुरू.

"आलं?" काकू माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"आलं. पण कळलं नाही."

"शिवी आहे?"

"नाही वाटत. पुन्हा ऐकतो."

मी चार वेळा ऐकलं. साताऱ्याच्या माणसाला ती बोली काय कळणार! शेवटी म्हटलं, "काकू, जसं ऐकू येतंय तसं सांगतो. अर्थ मला विचारू नका. कुमीला... जेव्हाला... का जेवाला... मग वारा. वारा गो कोनी. मग सकाल. सकालपासून उपाशी हाय पोर." मी इयरफोन काढले. "वाऱ्याचं काय ते नाही समजलं. वारं सुटलं होतं का तेव्हा?"

काकू टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून बसल्या. मी घाबरलो. मला वाटलं, शिवीच होती, आणि ती मी माझ्या तोंडाने दिली.

"वारा म्हणजे वाढा," त्या म्हणाल्या. "आमच्यात वाढा नाही म्हणत. वारा."

"म्हणजे..."

"नवरीला अक्षता पडेपर्यंत जेवायचं नसतं. आणि विधी लांबले होते, दुपार टळून गेली होती. मला चक्कर येत होती. मी कुणाला सांगितलं नव्हतं." त्यांनी पदराने चष्मा पुसला, मग डोळे, मग पुन्हा चष्मा. "कुणालाच सांगितलं नव्हतं रे."

मी पाणी आणायला उठलो. त्यांनी मनगट धरून मला खाली बसवलं आणि डावा कान माझ्याकडे केला.

"पुन्हा म्हण."

"कुमीला जेवाला वारा गो कोनी..."

"तसं नाही. गो लांबव. आणि घाईत म्हण, ती चिडून बोलायची. मधेच गाणं सोडून बोलतेय ती."

मी घसा साफ केला आणि त्यांच्या कानाजवळ वाकलो. चाळिशी ओलांडलेला, केमिकल कंपनीतला स्टोअरकीपर, चामटोलीच्या एका धवळारणीसारखा करवादलो, "कुमीला जेवाला वारा गोऽ कोनी! सकालपासून उपाशी हाय पोर!"

"हां," काकू डोळे मिटून म्हणाल्या. "अस्संच. अजून एकदा."